गावरान बियाण्यांचा परसबाग संच, वर्षभर वापरून मग लिहितेय

मागच्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका रानभाजी महोत्सवात महिला बचत गटाच्या स्टॉलवरून हा संच घेतला होता. या ऑगस्टमध्ये परत तिथं जाऊन आले, म्हणजे बी ते बी असं एक पूर्ण चक्र झालंय, म्हणून आता लिहितेय. बियाण्याचा रिव्ह्यू पंधरा दिवसांत लिहिण्यात काही अर्थ नसतो, उगवलं म्हणजे सगळं झालं असं नाही ना.

संचात अकरा पुड्या. काळ्या बियांचा घेवडा, पांढरा वाल, दोडका, दुधी, काकडी, काटेरी वांगं, मिरची, भेंडी, लाल अंबाडी, राजगिरा आणि मेथी. वहीच्या कागदाच्या घड्या घातलेल्या, वर बॉलपेननं नाव आणि एक फोन नंबर, बाकी काही नाही. एक्सपायरी नाही, उगवण टक्केवारी नाही, कधी लावायचं तेही नाही. किंमत १५० रुपये. मी पैसे दिले आणि निघणार तेवढ्यात ताईंनी एक वही पुढं केली, नाव आणि पत्ता लिहा म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुप्पट आणून द्यायचं. मी म्हटलं अहो पैसे दिले की आत्ताच. तर त्या म्हणाल्या, "ताई, ते पुडीचे न् गाडीभाड्याचे. बियाणं उसनं दिलंय तुम्हाला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही.

हा गट अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला, म्हणजे राहीबाई पोपेरेंचा तालुका. कोंभाळणे गावच्या राहीबाई, बीजमाता म्हणून ज्यांना आपण सगळे ओळखतो, २०२० च्या यादीत पद्मश्री मिळाली त्यांना. शाळेत गेलेल्या नाहीत, पण घरच्या घरी मडक्यांतून गावरान वाण जपत गेल्या, मग बायफ या ग्रामीण विकास संस्थेच्या मदतीनं त्याची बियाणे बँक उभी राहिली, आणि त्या बँकेचा नियमही हाच, मूठभर न्या आणि पीक आलं की दुप्पट परत करा. मी हे सगळं पेपरात वाचलं होतं, छान वाटलं होतं, पान उलटलं होतं. वहीत स्वतःचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मात्र एकदम जबाबदारी आल्यासारखं झालं. कुणाचं तरी देणं लागतो आपण आणि ते पैशात फिटणार नाहीये.

आता आमची जागा सांगते म्हणजे अंदाज येईल. सिंहगड रोडला ४२ फ्लॅटची सोसायटी, गच्चीचा साधारण साडेपाचशे स्क्वेअर फुटांचा तुकडा कमिटीनं बागेला दिलाय. वॉटरप्रूफिंगवरून दोन मीटिंगा झाल्या, शेवटी निळे ड्रम आडवे कापून विटांवर ठेवायचे, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि लादी कोरडी राहील, या अटीवर परवानगी मिळाली. ड्रममध्ये माती कमी आणि पालापाचोळा जास्त, तळाला नारळाच्या शेंड्या, मध्ये रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं, वर थोडी माती न् घरच्या ओल्या कचऱ्याचं खत. ही पद्धत आमची नाही, कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवार या आपल्या चळवळीतून हे कितीतरी वर्षांपूर्वी लोकांना शिकवलं, त्यामुळं गच्चीवर वजनही कमी येतं. सात कुटुंबं होतो आम्ही सुरुवातीला. सात, ४२ पैकी.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते घेवड्याबद्दल. (आम्ही घेवडा म्हणतो, शेजारच्या कोकणातल्या काकू त्यालाच वाल म्हणतात, त्यांच्या जाऊबाई पावटा म्हणतात, यावर आमच्याकडं तासभर चर्चा झालेली आहे.) तर बी लावल्यावर पाचव्या दिवशी वर आलं, दहापैकी नऊ आले. सप्टेंबर संपेपर्यंत वेल कठड्यावरून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, पानं हाताच्या तळव्याएवढी, पण फूल म्हणून नाही. एकही नाही. बाजारातून आणलेल्या बुटक्या घेवड्याला एव्हाना शेंगा धरतात. मला वाटलं खत कमी पडतंय म्हणून मी गांडूळखताचं पाणी घालत राहिले, वेल अजूनच माजला. गणपती झाले, नवरात्र बसलं, तरी तेच. मी वैतागून पुडीवरच्या नंबरवर फोन केला. ताई पलीकडून हसल्या आणि म्हणाल्या, "खत बंद करा आधी. ह्यो येल दसऱ्याबिगर फुलायचा नाही. दिस लहान व्हायला लागतात ना."

आणि खरंच, दसरा झाला, आठवडाभरात जांभळ्या फुलांचे तुरे आले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की वालाचे बरेच जुने वाण दिवसाच्या लांबीवर चालतात, दिवस आखूड व्हायला लागला की मगच फुलतात, त्याआधी कितीही लाड करा. त्या ताईंनी हे पुस्तकात वाचलेलं नसणार, त्यांच्या आईनं सांगितलं असणार आणि आईला तिच्या आईनं. पण हेच जर पुडीवर एका ओळीत लिहिलं असतं तर माझ्यासारख्या बाईनं महिनाभर उगाच खत ओतलं नसतं. हा मी संचाचा सगळ्यात मोठा दोष धरते, कारण बी दिलं आणि त्याच्याबरोबरचं शहाणपण दिलं नाही तर अर्धंच दिल्यासारखं आहे. मी त्यांना तसं सांगितलंय आणि त्यांनी मनावर घेतलंय, त्याबद्दल पुढं येईल.

चवीचं विचाराल तर काळ्या घेवड्याची शेंग कोवळी असताना नुसती मोडून, लसूण, मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतली तर दुसरं काही लागत नाही. बाजारातल्या घेवड्याला असा वासच येत नाही, हे मी मुद्दाम कौतुक म्हणून सांगत नाहीये, आमच्याकडचं सतरा वर्षांचं पोरगं जे कुठल्याच शेंगेला हात लावत नाही त्यानं परत मागून घेतली.

दोडका चांगला आला, भेंडी बरी, अंबाडी तर इतकी आली की वाटून संपेना. मेथी ऑगस्टच्या पावसात सडली, तिची वेळ ती नव्हतीच, उरलेली नोव्हेंबरमध्ये टाकली तेव्हा छान. मिरची तिखट. वांग्याचं एकही बी उगवलं नाही. एकही नाही! दोनदा लावलं.

दुधीबद्दल मात्र जरा थांबून वाचा, हे जिवाशी खेळ आहे. तीन दुधी आले, दिसायला एकसारखे. आमची पद्धत अशी की कापल्यावर एक छोटी चकती जिभेला लावून बघायची आणि थुंकायची. पहिले दोन गोड, तिसरा कडूजहर. तो आम्ही सरळ टाकून दिला, सालं काढून, मीठ लावून, उकडून असले काही प्रकार केले नाहीत. भोपळा, दुधी, दोडका, काकडी या सगळ्या वेलवर्गात एक कडू द्रव्य असतं, फळ कडू लागलं म्हणजे ते जास्त झालंय, आणि ते विषारी असतं, शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. गावरान बी असू दे नाहीतर दुकानातलं, चव बघितल्याशिवाय दुधी भाजीत जाता कामा नये, रस तर नकोच. आणि त्या कडू फळाचं बी अर्थातच धरायचं नाही.

बी धरणं हा भाग आम्हाला कुणालाच येत नव्हता. भाजी लावणारे पुष्कळ भेटतात, बी धरणारे फार कमी, कारण त्यासाठी खायचं टाळावं लागतं. पहिल्या बहरातल्या सगळ्यात चांगल्या, भरदार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, राहिलेल्या आपण खायच्या. आपल्याला सवय उलटी असते. आम्ही युक्ती केली, बियाण्याच्या शेंगेच्या देठाला लाल दोरा बांधला, आणि नियम केला की दोरा दिसला की हात लावायचा नाही. पोरांनी तो नियम इतका कडक पाळला की संध्याकाळी खेळायला आली की आधी दोरे मोजायची. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अंधारात पाच शेंगा तोडल्या, त्यात तीन दोऱ्याच्या होत्या, त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यानंतर उरलेल्या शेंगा वाळवायची सगळी जबाबदारी त्यांनी घेतली, रोज सकाळी सूप घेऊन वर.

शेंग हलवली की आत खुळखुळ वाजली पाहिजे. मग सोलायची, बी आधी सावलीत, मग दोन दिवस कोवळ्या उन्हात, आणि दाताखाली धरलं तर दबता कामा नये, कट्ट वाजायला पाहिजे. साठवताना राख लागते, नाहीतर भुंगे बी पोखरून पीठ करतात. आता शहरात राख कुठून आणायची? आमच्या कोपऱ्यावर कोळशाची इस्त्री करणारे काका आहेत, त्यांनी डबाभर दिली, ती चाळून त्यात बी घोळवलं, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण. ऑगस्टमध्ये उघडलं तेव्हा एकाही बीला भोक नव्हतं.

माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळातलं सांगायची. घरात लाल मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी आणि पोरांना सुकडी, पण माळ्यावर गाडग्यात शाळूचं बी बांधून ठेवलेलं होतं आणि आजोबांनी त्याला हात लावू दिला नाही. लहानपणी मला ते क्रूर वाटायचं, पोरं उपाशी आणि हे गाडगं जपतात. लाल दोरा बांधताना ते आजोबा मला पहिल्यांदा समजले.

डिसेंबरात घेवड्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, काळाकुट्ट, शेंड्यांवर थर. पहाटे दंव असताना तीच इस्त्रीवाल्या काकांची राख भुरभुरली, जास्त लागलेले शेंडे खुडून टाकले, आठवड्यानं लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आले आणि बाकीचं त्यांनी संपवलं. जीवामृतही करून बघितलं, २० लिटरच्या बादलीत किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर माती, पण वासावरून तक्रार आली म्हणून पुढं झाकण लावून टाकीच्या मागं ठेवायला लागलो.

आणि मग भोगी.

भोगीची भाजी म्हणजे तशीही सगळ्यांची भाजी, घेवडा, वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट. आम्ही सात घरांनी ठरवलं की या वर्षी गच्चीवर एकत्र करायची, ज्याला यायचं त्यानं यावं, येताना बाजरीच्या चार भाकऱ्या आणायच्या, बस. मला वाटलं वीसेक माणसं येतील. साठ आली. खरं सांगायचं तर त्या मोठ्या पातेल्यात गच्चीवरचं फक्त दोन किलो असेल, शेंगा, थोडी अंबाडी, मिरच्या, बाकी सगळं मंडईतून आणलं. पण पोरं ताटात शोधत होती की आपली शेंग कुठली. भाड्यानं राहणारी नाशिककडची दोन मुलं आली होती, त्यांना वर्षभर इथं कुणी ओळखत नव्हतं, त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावून विचारलं की तीळ भाजून घालायचे की तसेच, आणि त्यांच्या आईनं फोनवरून आम्हा सगळ्यांना शिकवलं. चौथ्या मजल्यावरच्या आजी, ज्या लिफ्ट बंद असली की खाली उतरत नाहीत, त्या दोन मजले चढून वर आल्या, राजगिऱ्याचं वाळलेलं कणीस हातावर चोळून फुंकर मारून बी कसं वेगळं करायचं ते त्यांनी दाखवलं. तो हात बघण्यासारखा होता, एक दाणा उडाला नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही रथसप्तमीच्या आदल्या दिवशी ठेवलं, म्हणजे बी नीट वाळायला वेळ मिळाला. दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नाहीतर चाळण्या दिल्या जातात, घरात ढीग झालाय. या वेळी वाण म्हणून वाणच दिला. काळ्या घेवड्याच्या सहा बिया, कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर पोरांच्या अक्षरात लिहिलेलं: पाऊस सुरू झाला की लावा, दसऱ्याआधी फुलणार नाही, घाबरू नका, पहिल्या शेंगा बियाण्याला ठेवा. बोलावताना सगळ्या बायकांना बोलावलं, नवरा असलेल्या नसलेल्या सगळ्यांना, यावर आमच्यात वाद झाला नाही याचा मला फार आनंद आहे. एका वकील ताईंनी शंका काढली की असं बी वाटणं चालतं का, कंपनीवाले काही म्हणणार नाहीत ना, मग त्यांनीच शोधून सांगितलं की २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपलं बी साठवायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क दिलेला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. आमच्या पुडीवर पोरांची नावं सोडून कुठला ब्रँड आलाय.

आता काहीजण विचारतात, यानं खरंच पोट भरतं का. नाही भरत. दाभोळकर सर म्हणायचे की पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, आमचा तुकडा म्हणजे कसाबसा अर्धा गुंठा आणि माणसं दीडशे. पण २०२० च्या एप्रिलमध्ये मार्केट यार्ड काही काळ बंद होतं तेव्हाचं आठवा, गेटवर भाजीचा टेम्पो आला की काय व्हायचं. आम्ही शेजारी शेजारी राहणारी माणसं एका कोथिंबिरीच्या जुडीवरून एकमेकांकडं कसं बघत होतो ते मी विसरलेले नाही. त्या वेळी काही शेतकरी गटांनी थेट सोसायट्यांत भाजी पोचवली, ती त्याच सोसायट्यांत आधी पोचली जिथं कुणाकडं तरी शेतकऱ्याचा नंबर होता आणि जिथं ४० घरांची यादी करून देणारं कुणीतरी होतं. आमच्याकडं तेव्हा दोन्ही नव्हतं. आता आहे. भोगीच्या दुसऱ्या दिवशीच ग्रुप झाला, आता दर पंधरा दिवसांनी मुळशीकडच्या एका शेतकरी दादांकडून २६ घरांची भाजी येते, आणि गच्चीवर सातची अठरा कुटुंबं झालीत. संचाच्या १५० रुपयांत हे धरायचं का ते तुम्ही ठरवा, मी धरते.

या वर्षीच्या महोत्सवाबद्दल थोडं. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास हे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरवतो, तुमच्या भागातला कधी आहे ते विचारून ठेवा. सकाळी लवकर जा, अकरानंतर करटोली शिल्लक राहत नाही. भारंगी, कुरडू, फोडशी भरपूर होती, आणि स्टॉलवरच्या बायका नुसती विकत नव्हत्या तर कशी करायची तेही सांगत होत्या, भारंगीची पानं चिरून उकडायची आणि पाणी पिळून टाकायचं म्हणजे कडूपणा जातो वगैरे. पार्किंगचे हाल, पिण्याच्या पाण्याची सोय नीट नव्हती, आणि बियाण्यांचे स्टॉल अगदी शेवटी कोपऱ्यात टाकलेले, ते खरं तर दारात पाहिजेत.

मी आमचा डबा घेऊन गेले. ताईंनी मला ओळखलं नाही, वही काढली, बोट फिरवत फिरवत माझं नाव सापडलं. घेवडा, दोडका, भेंडी, अंबाडी, राजगिरा, मिरची, सगळं दुप्पट होतं. त्यांनी घेवड्याच्या बिया तळहातावर पसरल्या, त्यातल्या दोन वेचून बाजूला केल्या, म्हणाल्या या जरा तांबूस आहेत, दुसरा वाण मिसळलाय का, वेगळ्या लावून बघू. बाकीच्या बिया चिपट्यात (धान्याच्या मापात) ओतल्या, आणि माझ्या नावापुढं वहीत एक रेघ मारली. मी वांग्याचं सांगितलं, उगवलंच नाही म्हणून. त्यांनी शेजारच्या पिशवीतून दुसऱ्या बाईंचं वांग्याचं बी काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. पुडीवर या वेळी छापलेली चिठ्ठी आहे, कधी लावायचं, कधी फुलतं, बी कसं धरायचं, आणि दुधीच्या पुडीवर चव बघण्याची सूचना लाल अक्षरात.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो वांग्यासाठी. गच्चीवर रोपं आलीत, सहा आहेत, दोन पानांवर, दिवाळीपर्यंत कळेल.